साध्या गोष्टींचा आनंद कुणी कुणाला शिकवायचा?

‘थोडक्यात आनंद मानायला शिका’ हे वाक्य कुणीही म्हणू शकतं, आणि अडचण तिथेच आहे. ते रीलमधली मुलगी म्हणते, जिच्या हातात मातीचा कप असतो आणि मागे धुक्यातला डोंगर. तेच रविवारच्या उपदेशात पाळकही म्हणतात. घरमालक भाडं वाढवताना म्हणत नाही एवढंच, पण पगारवाढ नाकारताना साहेब जवळपास तेच सुचवतात. ऐकणाऱ्यांमध्ये एखादी दोन शिफ्ट करून आलेली नर्स असते. तिला चहाच्या वाफेकडे टक लावून बघायला वेळ नाही. बघितलंच, तरी त्या वाफेने घराचा हप्ता भरला जाणार नाही.

तरीही ख्रिस्ती श्रद्धेत साध्या गोष्टींच्या आनंदाला मोठी जागा आहे, आणि ती खोटी आहे असं मला वाटत नाही. रानातली फुलं, आकाशातली पाखरं, भाकर, मासे, पाणी, मीठ, दिवा: येशूच्या बोलण्यातून एवढं काढून टाकलं तर फारसं काही उरणार नाही. प्रश्न असा आहे की हा आनंद आणि ‘गप्प बस, आहे त्यात भागव’ हा सल्ला, या दोहोंत फरक कुठे पडतो? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

सतराव्या शतकातल्या पॅरिसमधल्या एका आचाऱ्यापासून सुरुवात करू. निकोला हर्मान हा लोरेनमधला गरीब घरचा मुलगा. सैन्यात गेला, पायाला जखम झाली आणि लंगडेपण कायमचं मागे लागलं. नंतर तो कार्मेलाइट मठात शिरला, तेही विद्वान धर्मगुरू म्हणून नव्हे तर अंगमेहनतीची कामं करणारा साधा ‘ब्रदर’ म्हणून. तिथे त्याचं नाव झालं लॉरेन्स. मठाने त्याला स्वयंपाकघरात टाकलं. तिथे त्याने वर्षानुवर्षं काढली आणि पुढे म्हातारपणी चपला दुरुस्त केल्या. 1691 मध्ये तो वारला. त्याने स्वतः पुस्तक लिहिलं नाही. त्याची काही पत्रं आणि त्याच्याशी झालेली संभाषणं एका धर्मगुरूने नंतर छापली, आणि ते छोटं पुस्तक आजही जगभर वाचलं जातं.

त्यातली प्रसिद्ध गोष्ट अशी की तव्यावरचं ऑम्लेट उलटतानाही हा माणूस ते देवावरच्या प्रेमापोटी उलटत असे. जमिनीवरची काडी उचलली तरी त्याच भावनेने. भांड्यांच्या खडखडाटात, चार जण एकाच वेळी चार गोष्टी मागत असताना, प्रार्थनेला गुडघे टेकल्यावर वाटावं तसंच त्याला देव जवळ असल्यासारखं वाटे.

इथवर वाचून हा माणूस जन्मजात समाधानी असावा असं वाटतं. पण त्याच पुस्तकात दोन गोष्टी आहेत ज्या सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली म्हणजे त्याला स्वयंपाकघर मुळीच आवडत नव्हतं, त्या कामाचा त्याला स्वभावतःच तिटकारा होता. मठासाठी दारू खरेदी करायला त्याला नदीतून लांबचा प्रवास करावा लागे. व्यवहाराची अक्कल नाही, पाय लंगडा, होडीत हिंडायचं तर पिंपांवरून गडबडत जावं लागे. त्याला हेही काम नकोसं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे मठातली पहिली दहाएक वर्षं त्याने फार वाईट मनःस्थितीत काढली. आपण देवाला मुकलो आहोत, आपली सुटका नाही, अशी त्याची खात्री होत असे.

म्हणजे ‘आवडीचं काम शोधा’ हा त्याचा धडा नाही आणि ‘नावडत्या कामावर प्रेम करायला शिका’ हाही नाही. भांडी घासणं त्याला सुंदर वाटू लागलं असं तो कुठेच म्हणत नाही. ते काम ज्याच्यासाठी करायचं तो बदलला, बस. आजारी आईसाठी रात्री दोनला उठून पेज करणाऱ्याला कुणी विचारत नाही की तुला पेज ढवळायला आवडतं का. हल्ली या लॉरेन्सला सजग राहण्याचं तंत्र शिकवणारा, कामाचा ताण कमी करणारा गुरू म्हणून विकलं जातं. त्याला ते ऐकून हसू आलं असतं. ताण कमी व्हावा म्हणून तो काही करत नव्हता.

पण मला त्याच्याबद्दल सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. तो बोलला ते स्वतःबद्दल. मठाच्या वरिष्ठांनी ‘स्वयंपाकघरातच देव आहे, तेव्हा तक्रार करू नकोस’ असं त्याला सुनावलं असतं तर शब्द तेच राहिले असते, पण त्यांचा अर्थ उलटा झाला असता.

हेच प्रेषित पौलाच्या बाबतीत दिसतं. त्याचं फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र फक्त चार अध्यायांचं आहे आणि त्यात आनंदाचा उल्लेख डझनाहून अधिक वेळा येतो. लिहिणारा तुरुंगात आहे, खटल्याचा निकाल जिवावर बेतू शकतो. पत्राच्या शेवटी तो म्हणतो की विपुलतेत आणि टंचाईत, पोट भरलेलं असताना आणि उपाशी असताना, दोन्ही स्थितींत राहायला आपण शिकलो आहोत. ‘शिकलो’ हा शब्द त्याचाच. ही ओळ कॅलेंडरवर, मगवर, व्हॉट्सॲप स्टेटसवर सगळीकडे असते. पण हा परिच्छेद मुळात आभाराचा आहे. फिलिप्पैमधल्या लोकांनी एका माणसाच्या हाती त्याला मदत पाठवली होती, तिची ही पोच आहे. आणि हाच पौल यरुशलेममधल्या गरिबांसाठी मंडळ्यामंडळ्यांतून वर्गणी गोळा करत फिरला. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने त्यासाठी दोन अख्खे अध्याय खर्ची घातले आहेत. त्यात एकाने लाजवणं आहे, चुचकारणं आहे, दुसऱ्या गावाने किती दिलं याची आठवण करून देणं आहे. हुशार वर्गणी-मागे करतात ते सगळं त्यात आहे.

स्वतःच्या भुकेबद्दल तो म्हणतो, मला सवय आहे. दुसऱ्याच्या भुकेबद्दल तो म्हणतो, पैसे काढा. यरुशलेममधल्या उपाश्यांना ‘मी शिकलो तसे तुम्हीही शिका’ असं पत्र त्याने पाठवलं नाही. याकोबाचं पत्र तर याबाबतीत फारच रोखठोक आहे. उघड्या, उपाशी भावाबहिणीला ‘सुखी राहा, ऊब घ्या, पोटभर जेवा’ असा आशीर्वाद देऊन रिकाम्या हाताने परत पाठवण्याचा काय उपयोग, असं ते सरळ विचारतं. आपल्या अनेक उपदेशांना हा प्रश्न अजून लागू पडतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की साध्या गोष्टींतल्या आनंदाची साक्ष देता येते, सक्ती करता येत नाही. असिसीच्या फ्रान्सिसने गरिबीला आपली प्रिया म्हटलं ते त्याला शोभलं, कारण तो कापडाच्या सधन व्यापाऱ्याचा मुलगा होता आणि दार उघडून स्वतः बाहेर पडला होता. ज्याच्यासाठी ते दार कधी उघडलंच नाही, त्याला फ्रान्सिसचं उदाहरण देणं ही चेष्टा झाली.

आता ‘साधी गोष्ट’ म्हणजे काय, तेही बघायला हवं. पेलाभर पाणी घ्या. याहून साधं काही नसेल. पण महाराष्ट्रात पाणी साधं कधीच नव्हतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना सोवळ्याने ग्रासलेलं त्यांचं माहेर आठवत असेल. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे पोचलो असं मानणारा हा माणूस. पण घरात आभाळ कोसळलं. काही वर्षं ताटातूट झाली. मग लक्ष्मीबाई नवऱ्याकडे राहायला आल्या त्या हिंदू म्हणूनच, आपलं सोवळं-ओवळं सोबत घेऊन. घर एक, पण चूल आणि पाणी वेगळं. आणि मग बाप्तिस्मा घेण्याच्या आधीच जातीचा भेद माणसांनी केलेला आहे हे त्यांना पटलं आणि त्यांनी तो टाकला. आधी पाणी बदललं, धर्म नंतर. हा क्रम मला फार बोलका वाटतो.

या पुस्तकात गरिबी आहे, मुलांची आजारपणं आहेत, हाती आलेला पैसा टिकू न देणारा नवरा आहे. आणि पानोपानी हसू आहे. मराठीत साध्या गोष्टींच्या आनंदाचं याहून चांगलं पुस्तक मला दाखवा. तरी त्यात वाचकाला ‘तुम्हीही असंच हसत राहा’ असं कुठे बजावलेलं नाही.

पाण्याची गोष्ट इथे संपत नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं ओंजळभर पाणी प्यायली. त्यानंतर त्यांना मारहाण झाली आणि तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं. त्या ओंजळीला साधी गोष्ट म्हणायचं का? ज्यांना पाणी सहज मिळत होतं त्यांच्यासाठी ती साधी होती. येशूने म्हटलं होतं की लहानातल्या लहानाला कुणी पेलाभर गार पाणी दिलं तरी ते देवाच्या हिशेबात वाया जात नाही. लहानपणी हे ऐकताना वाटतं, पाण्याचं काय एवढं. महाड आठवलं की कळतं.

अहमदनगर भागात ख्रिस्ती झालेली बहुतेक कुटुंबं महार आणि मांग समाजांतली होती. प्रभुभोजनात सगळ्यांना एकाच भाकरीतला तुकडा मिळतो, या गोष्टीचा त्यांच्यासाठी अर्थ काय असेल याचा विचार करा. ब्रेडचा एवढासा तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. चवीला त्यात काही नाही. यात फुशारकी मारण्यासारखंही काही नाही, कारण चर्चमध्येही जात पुरून उरली आहे. दक्षिणेत वेगळी बाकं आणि वेगळी कबरस्तानं यांचा लांबलचक इतिहास आहे आणि आपल्याकडेही लग्नं जुळवताना काय विचारलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो तुकडा दर वेळी ते दाखवून देतो. टेबलावर एक आणि दाराबाहेर दुसरं, हे तिथे लपवता येत नाही.

मग सगळ्यांना पाणी मिळेपर्यंत आपण पाण्याचा आनंद घ्यायचाच नाही का? हा प्रश्न आमच्या पिढीला जास्त छळतो. एका बोटाच्या अंतरावर उद्ध्वस्त झालेलं शहर दिसतं आणि लगेच पुढच्या पोस्टमध्ये कुणीतरी आमरसाची वाटी टाकलेली असते. दोन्ही बघून झाल्यावर आपल्या ताटातला आमरस खावा की नाही कळत नाही. काही जण खातात आणि मनातून ओशाळतात. काही जण दुसऱ्यांना ओशाळायला लावतात.

डिट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाळकाची इथे मदत होते. हिटलरविरोधी कटात सामील असलेला हा माणूस एप्रिल 1943 पासून तुरुंगात होता आणि 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी दिलं गेलं. आहे त्यात भागवणाऱ्यांपैकी तो नक्कीच नव्हता. पण तुरुंगातून त्याने मित्राला लिहिलेली पत्रं वाचली की तो किती खाण्यापिण्यात, संगीतात, घरच्या आठवणींत रमणारा होता ते दिसतं. धर्मपंडित कार्ल बार्ट यांच्याकडून आलेला एक सिगार त्याला तिथे मिळाला, तर त्याचा केवढा आनंद! त्याच पत्रव्यवहारात त्याने असं लिहिलं की देव जेव्हा पृथ्वीवरचं भरभरून सुख देतो तेव्हा आपण देवाहून जास्त सोवळे होऊन ते नासवू नये. बायकोच्या मिठीत असताना स्वर्गाची ओढ लागल्याचं सांगणं त्याला निव्वळ बेचव वाटत होतं. लग्न ठरल्यानंतर थोड्याच महिन्यांत अटक झालेल्या माणसाने हे लिहिलं, हे लक्षात ठेवायला हवं.

अन्यायाशी लढायचं तर सुखाकडे पाठ फिरवली पाहिजे असं त्याला वाटलं नाही. उलट, ज्याला जेवण, संगीत, मिठी यांची किंमत कळते त्यालाच त्या हिरावून घेतल्या जातात म्हणजे काय होतं ते कळतं. ज्याला कशाचीच चव नाही, तो दुसऱ्याच्या ताटासाठी भांडेल तरी कशाला? येशूवरही विरोधकांनी खादाड आणि दारुडा असा शिक्का मारला होता. योहानाच्या शुभवर्तमानातलं त्याचं पहिलं चिन्ह लग्नघरातलं आहे. तिथे सहा दगडी रांजण पाण्याचा द्राक्षारस झाला. हिशोब केला तर काहीशे लिटर होतात, आणि तेही पाहुणे आधीच बरंच पिऊन झाल्यावर. मिनिमलिझमची शिकवणी घेणाऱ्याने असं केलं नसतं.

म्हणून ‘साधं’ म्हणजे ‘कमी’ असं धरून चालता येत नाही. बायबलमध्ये साध्या गोष्टीचं मोल ती दिलेली आहे यात आहे. हा मुद्दा माझ्या नास्तिक मित्रांना पटत नाही. ते म्हणतात, पावसाचा वास घ्यायला देव कशाला लागतो? नाही लागत. त्यांना तो वास माझ्याइतकाच येतो, कदाचित जास्तच, कारण ते सिगारेट सोडून बसले आहेत. मीही कृतज्ञतेची डायरी ठेवणाऱ्यांची टिंगल करणार नाही. रोज रात्री पाच गोष्टी लिहून झोप चांगली लागत असेल तर लिहाव्यात. फरक वेगळ्या ठिकाणी पडतो. डायरीत ‘आज आमरस’ असं लिहिता येतं. पण ‘आमरसाबद्दल तुझे आभार’ असं म्हटलं की वाक्यात दुसरं कुणीतरी येतं, आणि मग आमरस पूर्णपणे आपला राहत नाही. देणाऱ्याने तो एकट्या मला दिला, असं मानायला मग काही कारण उरत नाही.

मराठी ख्रिस्ती घरांत ‘उपकारस्तुती’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. बाळाचा वाढदिवस, ऑपरेशन पार पडलं, नोकरी लागली, की घरी उपकारस्तुतीची भक्ती ठेवतात. गाणी, प्रार्थना, आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट जेवण. जेवण नसलेली उपकारस्तुती मी पाहिलेली नाही. शेतीच्या गावांत कापणीच्या सणाला लोक शेतातलं काहीबाही चर्चमध्ये आणून ठेवतात: कणसं, भोपळा, मेथीच्या जुड्या, अंडी, एखादी कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. बाजारात वीस रुपयांना मिळणारा भोपळा तिथे पाचशेपर्यंत चढतो. बोली लावणाराही हसत असतो आणि ज्याच्या मळ्यातला भोपळा असतो त्याचीही मान ताठ झालेली असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा वेडेपणा आहे. पण त्या भोपळ्याची किंमत तेवढी होतीच, हे मला तिथे बसल्यावर नेहमी खरं वाटतं.

निर्गम पुस्तकातल्या मान्न्याची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. रानात भटकणाऱ्या लोकांना रोज सकाळी जमिनीवर खाणं मिळायचं, त्या दिवसापुरतं. काहींनी उद्यासाठी साठवून ठेवलं, तर सकाळी त्यात किडे पडलेले आणि घाण सुटलेली. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर मागताना ‘माझी’ नाही, ‘आमची’ म्हणून मागतात, आणि तीही एका दिवसाची. मराठी भाषांतरकारांनी तिथे ‘भाकर’ हा शब्द ठेवला हे फार चांगलं केलं. पोळी म्हटलं असतं तर ते सणाचं जेवण वाटलं असतं. भाकरीला रोजच्या भुकेचा वास आहे. ही प्रार्थना म्हणणाऱ्याच्या डब्यात दोन भाकऱ्या असतील आणि शेजारच्या बाकावर एकही नसेल, तर त्याची प्रार्थना निम्मी ऐकली गेलेली आहे आणि उरलेली निम्मी त्याच्याच डब्यात आहे.

सुरुवातीच्या नर्सकडे मी म्हणूनच चहाच्या वाफेचं प्रवचन घेऊन जाणार नाही. तिला त्या वाफेत काही दिसतं की नाही ते तिचं ती सांगेल, सांगावंसं वाटलं तर. मला करता येण्यासारखं आहे ते म्हणजे तिची शिफ्ट एकच कशी होईल याच्या बाजूने उभं राहणं, आणि मधल्या सुट्टीत तिला चहा करून देणं. दोन्ही. नुसता चहा देऊन मोकळं होता येणार नाही, आणि शिफ्टचा प्रश्न सुटेपर्यंत चहा थांबवण्यातही अर्थ नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी एक पहाट आहे. येशूला क्रुसावर मारलं गेलं आहे, तो उठला आहे, आणि शिष्यांना पुढे काय करावं कळत नाही म्हणून ते परत मासेमारीला गेले आहेत. रात्रभर जाळं रिकामं. किनाऱ्यावरून कुणीतरी सांगतं, उजव्या बाजूला टाका. जाळ्यात 153 मासे येतात. कुणीतरी ते नीट मोजले असणार, कोळीच ते. काठावर उतरतात तर तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी भाजत ठेवलेली, बाजूला भाकर. मरणावर मात करून आलेला माणूस नाश्ता करतो आहे. मासे त्याच्याकडे आधीच होते. तरी तो त्यांना सांगतो की तुम्ही आत्ता धरलेत त्यातलेही थोडे आणा.